आई-बाबांना घेऊन वॉलिंगफर्डला: थेम्सकाठच्या जुन्या बाजारगावात एक दिवस

इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या लोकांचं ठरलेलं असतं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले की आधी लंडन, मग स्टोनहेंज, बाथ, आणि अंगात दम असला तर स्कॉटलंड. महिन्याभरात यादी संपते. मग बाबा खिडकीशी खुर्ची ओढून समोरच्यांचं कुंपण बघत बसतात आणि आई विचारते, "इथं नुसतं एखादं गाव नाही का गं? आपल्यासारखं?"

आहे. मी रेडिंगला राहते (स्पेलिंग बघून 'रीडिंग' म्हणू नका). इथून बसनं पाऊण तासाच्या आसपास, ऑक्सफर्डच्या वाटेवर वॉलिंगफर्ड लागतं. थेम्सच्या काठावर पूल, बुजलेला किल्ला, आठवडी बाजार, तीन जुनी चर्चं, बस्स. आम्ही तिथं चारदा गेलो. पहिली खेप पार फसली, दुसरी अर्धी फसली. त्यातून जे शिकले ते खाली लिहिलंय, म्हणजे तुम्हाला थेट तिसऱ्या खेपेपासून सुरुवात करता येईल.

१. आधी वार ठरवा, मग तारीख

शुक्रवारीच जा. या गावाचा बाजार शुक्रवारचा, आणि त्याच्या मागे आठ शतकांहून जुनी सनद आहे. राजा दुसऱ्या हेन्रीनं ११५५ साली वॉलिंगफर्डला व्यापाराचे हक्क लिहून दिले. त्याच्या आईच्या बाजूनं हे गाव वर्षानुवर्षं लढलं होतं, त्याची ती बक्षिशी.

आमची पहिली खेप जानेवारीतल्या सोमवारी झाली. बाजार नाही. म्युझियम हिवाळ्यात बंद. नदीकाठच्या कुरणात घोटाभर पाणी. चार वाजता अंधार पडला तेव्हा आम्ही तिघं एका बंद बेकरीच्या काचेतून रिकामे ट्रे बघत उभे होतो. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ धरा. शुक्रवार अजिबातच जमत नसेल तर शनिवार, पण रविवार नको. त्या दिवशी बस कमी असतात आणि दुकानंही उशिरा उघडून लवकर मिटतात.

२. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं फार लागत नाहीत, पण दोन गोष्टींत लोक हमखास गोंधळतात.

साठीच्या पुढच्यांना इंग्लंडात बस फुकट असते असं कोणीतरी आई-बाबांना सांगितलेलं असतं. तो पास इथल्या रहिवाशांचा, आणि तोही पेन्शनचं वय गाठल्यावरचा (लंडनचे नियम वेगळे). पाहुण्यांना तिकीट काढावं लागतं. रेल्वेचं सीनिअर रेलकार्ड मात्र पाहुण्यांनाही मिळतं. वय ६० पूर्ण हवं, पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, आणि तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. एकाच सहलीसाठी घेऊ नका. मुक्काम लांबचा असेल तर पैसे वसूल होतात.

बाकी यादी अशी:

- पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो फोनमध्ये. मूळ पासपोर्ट घरीच राहू द्या
- प्रवास विम्याच्या कागदाचा फोटो, गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी
- चिखलात चालतील असे बूट. आईचे कॅनव्हासचे पांढरे बूट तिथून तपकिरी होऊन आले
- टोपीचं जॅकेट. पुलावर वारा असतो, छत्री उलटी होते
- कार्ड आणि थोडी रोख, दोन्ही. बाजारातल्या बहुतेक ठेल्यांवर कार्ड चालतं, पण म्हणून सगळ्यांवर चालेलच असं नाही
- धपाटे किंवा दशम्या, आणि खाली अंथरायला काहीतरी
- एक रिकामी कापडी पिशवी. का ते पुढे कळेल

३. जायचं कसं

बस: रेडिंग ते ऑक्सफर्ड धावणारी एक्स ४० वॉलिंगफर्डच्या मार्केट प्लेसमध्येच सोडते. इंग्लंडात सध्या बहुतेक बसचं एकेरी भाडं जास्तीत जास्त ३ पौंड आहे. आई-बाबांना वरच्या मजल्यावर, अगदी पुढे बसवा. वाटेत चिल्टर्नच्या टेकड्या आणि बीच नावाच्या वृक्षांची राई लागते. निम्मी सहल तिथंच होते.

रेल्वे: गावाला आता नेहमीचं स्टेशन नाही. फाट्यावरची रेल्वे १८६६ साली आली आणि प्रवासी गाड्या १९५९ साली बंद झाल्या. जवळचं स्टेशन चोल्झी, गावापासून चारेक किलोमीटरवर. लंडनहून येणाऱ्यांनी इथं सांभाळा: पॅडिंग्टनला बँकेचं कार्ड टेकवून आत शिरलात तर ती सोय रेडिंगपर्यंतची आहे. चोल्झी त्याच्या पुढे. तिकीट आधी काढा, नाहीतर दंड बसेल. तिघं किंवा जास्त मोठी माणसं एकत्र असाल तर गर्दीची वेळ टाळून ग्रुपसेव्हची सूट मागा. त्याला कुठलंही कार्ड लागत नाही.

फाट्याचा तो जुना लोहमार्ग हौशी स्वयंसेवकांनी जिवंत ठेवलाय. ठरावीक शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना चोल्झी ते वॉलिंगफर्ड छोटी गाडी धावते. गावात तिला 'बंक' म्हणतात. बाजार आणि बंक सहसा एका दिवशी जुळत नाहीत, तेव्हा दोन्हींचा हट्ट धरू नका.

उतरल्या उतरल्या परतीच्या बसच्या वेळांचा फोटो काढा. दुसऱ्या खेपेला मी तो काढला नव्हता. "मिळेल की" म्हणत नदीवर बसून राहिले आणि बस डोळ्यांदेखत गेली. पुढचा सगळा वेळ बाबा थांब्यावर बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

४. सुरुवात पुलापासून करा

बसमधून उतरल्यावर लगेच बाजारात शिरू नका. हाय स्ट्रीटनं उतरत सात-आठ मिनिटं चाला, पूल ओलांडून पलीकडच्या क्रोमार्शला जा आणि तिथून मागे वळून गावाकडे बघा. हे गाव नदीवरून यायचं आहे.

नावातच ते आहे. 'फर्ड' म्हणजे नदीचा उतार, पायी किंवा गाडीनं पार करता येईल अशी उथळ जागा. १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई जिंकून नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम लंडनकडे निघाला. लंडनचा पूल त्याला मिळेना, तेव्हा नदीच्या कडेनं वर येत त्यानं इथं थेम्स ओलांडली. त्याच्याही आधी, राजा आल्फ्रेडच्या काळात, डेन लोकांना अडवायला जी तटबंदीची गावं वसवली त्यांतलं हे एक. त्या गावांच्या जुन्या यादीत वॉलिंगफर्डचा आकडा २४०० हाइडचा आहे (हाइड म्हणजे जमीन मोजायचं जुनं माप). एवढाच मोठा आकडा विंचेस्टरचा, आणि विंचेस्टर तर राजाचं ठिकाण होतं.

पूल सुमारे ९०० फूट लांब आहे आणि नदीचं पात्र त्याच्या तुलनेत अगदीच लहान. बाबांचा पहिला प्रश्न हाच: "एवढा पूल कशाला?" उत्तर पायाखाली आहे. बहुतेक कमानी कोरड्या कुरणावर उभ्या आहेत. पावसाळी दिवसांत नदी त्या कुरणात पसरते, तेव्हा पूल पुरा पडतो. क्रोमार्शच्या बाजूनं खाली गवतात उतरा आणि कमानींच्या पोटाकडे मान वर करून बघा. काहींच्या पोटाला दगडी फासळ्या आहेत, त्या मध्ययुगातल्या. काहींचं पोट गुळगुळीत. १८०९ च्या पुरानं मधल्या कमानी खिळखिळ्या केल्या, त्या नंतर नव्यानं बांधल्या. हात लावून फरक कळतो. असा फरक मला एकाही माहितीफलकानं इतका नीट सांगितला नव्हता.

पुलावरची पायवाट अरुंद आहे. फोटोसाठी मागे सरकू नका, मागे गाड्या असतात.

क्रोमार्शला आलाच आहात तर एक गोष्ट बाबांसाठी. जेथ्रो टल नावाचा शेतकरी याच गावात शेती करायचा. साधारण १७०१ च्या सुमारास त्यानं घोड्यानं ओढायचं पेरणीयंत्र केलं, आणि इंग्रजी शाळेतली मुलं शेतीच्या क्रांतीचा धडा त्याच्यापासून सुरू करतात. मी हे मोठ्या कौतुकानं सांगत होते. बाबा बार्शीकडचे, ज्वारीच्या घरातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पाभरच की." मग रस्त्याच्या कडेला उभं राहून चाड्यावर मूठ कशी धरायची, तिफणीच्या तीन नळ्यांत बी सारखं कसं सुटतं, हे त्यांनी मला हातवारे करून दाखवलं. एक गोरे आजोबा कुत्रा घेऊन थांबले आणि तेही बघत राहिले.

(जलअभियांत्रिकीतल्या लोकांना वॉलिंगफर्ड हे नाव वेगळ्याच कारणानं ओळखीचं असेल. आपल्याकडे जे खडकवासल्याला चालतं, धरणं-बंदरांच्या प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास, तशी इथली संस्था क्रोमार्शच्या हाऊबेरी पार्कमध्ये आहे. ते बघायचं ठिकाण नाही, पण बाहेरून हात जोडायला हरकत नाही.)

५. किल्ला: रायगड मनात धरून जाऊ नका

परत गावात या आणि किल्ल्याच्या बागेकडे वळा. इथं सगळ्यात मोठी निराशा होते, म्हणून आधीच सांगते: किल्ला नाही. म्हणजे आहे, पण मातीच्या रूपात. विल्यमच्या माणसांनी १०६७ च्या सुमारास उभारलेला हा भुईकोट. मोठं टेकाड, खंदक, आणि भिंतींचे दोन-चार उभे तुकडे. चाकणचा संग्रामदुर्ग पाहिला असेल तर डोळा तयार असतो. दगड कमी, खंदकावरून अंदाज जास्त.

पण गोष्टी दणकट आहेत. ११४२ च्या हिवाळ्यात सम्राज्ञी मटिल्डा ऑक्सफर्डच्या वेढ्यातून रात्री बर्फावरून निसटली आणि इथं येऊन पोचली. तिच्या आणि राजा स्टीफनच्या गादीवरून झालेल्या भांडणात अख्खा देश भरडला गेला, आणि ११५३ साली तडजोड झाली ती याच गावाच्या नावानं ओळखली जाते. तिचा मुलगा पुढे राजा झाला, तोच सनद देणारा हेन्री. आणखी पाच शतकांनी, यादवी युद्धात, १६४६ साली हा किल्ला राजाच्या बाजूनं शेवटपर्यंत तग धरून राहिला. त्याचा राग राजाचा पाडाव करणाऱ्या क्रॉमवेलच्या राजवटीनं १६५२ साली काढला. किल्ला पाडून टाकला, पुन्हा कोणी त्यात शिरून लढू नये म्हणून. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगांनी का उडवल्या, याचं उत्तर मला इथल्या गवतात मिळालं. हा धडा त्यांनी आधी घरच्या किल्ल्यावर गिरवला होता.

टेकाडाच्या पलीकडे नदीपर्यंत कुरण आहे. तिथं गुरं चरत असू शकतात. फाटक उघडलंत तर मागून लावा. खाजकुयलीची बहीण शोभेल अशी नेटल नावाची वनस्पती वाटेच्या दोन्ही बाजूंना असते. साडी किंवा तीनचतुर्थांश पँट घालून आलेल्यांनी वाटेच्या मधूनच चालावं. धपाटे खायची जागा हीच. हंस आणि बदकं वास काढत येतात, त्यांना काही टाकू नका. एकाला दिलंत की सगळी जमात अंगावर येते.

६. बाजार

आता मार्केट प्लेसला या. साधारण अकरा ते एक ही वेळ चांगली. दुपारनंतर ठेले आवरायला लागतात.

समोर १६७० चं टाउन हॉल दिसेल. वरचा मजला खांबांवर उभा, खालची जागा मोकळी. उन्हापावसात विक्रेत्यांनी आडोशाला बसावं म्हणून अशी रचना. आईनं बघता क्षणी विचारलं, "चावडी का ही?" फारसं चुकलं नाही. जवळच १८५६ चं कॉर्न एक्स्चेंज आहे. पूर्वी तिथं धान्याचे सौदे होत, आता नाटकं आणि सिनेमे होतात.

बाजार लहान आहे. भाजी, फळं, मासे, पाव, चीज, फुलझाडांची रोपं, असे मोजके ठेले. बार्शीचा शनिवारचा बाजार डोळ्यांपुढे ठेवलात तर हसू येईल. पण इथं घाई नाही. भाजीवाला गिऱ्हाइकाशी बोलतो, सुपरमार्केटमध्ये आईशी कोणीच बोलत नाही. तिनं रूबार्बची लालसर दांडी उचलून माझ्यामार्फत विचारलं, याचं काय करतात? तो म्हणाला, साखर घालून शिजवा, पानं मात्र खाऊ नका, विषारी असतात. आईनं घरी येऊन त्याचा गूळ-मेथी घालून आंबटगोड मेथांबा केला. कापडी पिशवी त्यासाठी.

इथं घासाघीस चालत नाही. आईनं एकदा करून पाहिली. तो हसला, भाव तोच राहिला. माल हातानं चाचपण्याआधी विचारा. रांग दिसत नसली तरी असते. कोण आधी आलं हे सगळ्यांच्या डोक्यात असतं.

एवढं जुनं, राजाचं गाव असून इतकं लहान का राहिलं? १३४९ च्या प्लेगनं माणसं गेली, आणि १४१६ साली वरच्या अंगाला ॲबिंग्डनला पूल झाला. लंडनहून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक तिकडून वळली. बायपास झाला की जुन्या हायवेवरच्या धाब्यांचं काय होतं ते आपण पाहिलंय. आपल्याला मात्र त्याचा फायदाच झाला. सहाशे वर्षांपूर्वी धंदा बसला नसता तर गल्ल्या अशा राहिल्या नसत्या.

जेवण बाहेर करायचं असेल तर दोनच्या आत बसा. पुष्कळ ठिकाणी दुपारी स्वयंपाकघर बंद होतं. शाकाहारी असाल तर सूप मागताना ते कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा, भाज्यांचं म्हणून जे देतात त्यात कोंबडीचं पाणी असू शकतं. भाजलेला बटाटा आणि वर बीन्स, हा बिनधोक मार्ग.

७. चर्चं आणि एक वकील

तिन्ही चर्चं बघायची गरज नाही. सेंट पीटर्स चुकवू नका. पुलावरून त्याचा जाळीदार, आरपार दिसणारा सुळका तुम्ही पाहिलाच असेल. आत विल्यम ब्लॅकस्टोनची कबर आहे. १७८० साली वारलेला हा कायदेपंडित इथं राहायचा, गावाचा न्यायाधिकारीही होता. एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा गुन्हेगार सुटलेले बरे, हे सूत्र त्याचं. आपल्या सिनेमातल्या वकिलांनी त्या दहाचे शंभर केले, तेव्हा इथं येऊन मूळ आकडा तपासून घ्यावा. घरात कोणी वकील असेल तर फोटो पाठवा, फार खूश होतात.

बाजारातल्या सेंट मेरी ले मोर चर्चची घंटा रात्री नऊला वाजायची परंपरा आहे. विल्यमनं देशभर आठला दिवे-चुली विझवायचा हुकूम काढला आणि वॉलिंगफर्डला एक तास जास्त दिला, अशी कथा. ऐकायची असेल तर परतीची बस आधी बघा. हे मी का सांगतेय ते तुम्हाला ठाऊक आहे.

८. अगाथा ख्रिस्ती, पण कबरीवर वेगळं नाव

आईनं तिच्या रहस्यकथा मराठी अनुवादांतून वाचलेल्या, म्हणून हा टप्पा तिचा. ख्रिस्तीबाईंनी १९३४ साली गावाच्या दक्षिण टोकाला विंटरब्रुक हाउस घेतलं आणि १२ जानेवारी १९७६ रोजी त्या तिथंच वारल्या. घर खासगी आहे. रस्त्यावरूनच बघायचं, फाटकात डोकावायचं नाही. किनेक्रॉफ्ट नावाच्या मैदानाजवळ त्यांचा बाकावर बसलेला पुतळा आहे, शेजारी बसून फोटो काढता येतो. त्याच मैदानाच्या कडेला सॅक्सन काळातला मातीचा तट आहे. मुलं त्यावरून घसरतात, आणि हजार वर्षं तो बहुधा घसरगुंडी म्हणूनच टिकला असावा.

कबर वॉलिंगफर्डला नाही, चोल्झीला आहे, सेंट मेरीज चर्चच्या आवारात, भिंतीलगत. शोधताना लोक 'ख्रिस्ती' हे आडनाव धुंडाळत फिरतात. दगडावर वरती आहे ते अगाथा मेरी क्लॅरिसा मॅलोवन. ते दुसऱ्या नवऱ्याचं आडनाव. तो पुरातत्त्वज्ञ, शेजारीच पुरलाय. लेखनाचं नाव त्याखाली. स्टेशनवरून चालत जाता येतं, तेव्हा रेल्वेनं परतणार असाल तर हे शेवटी ठेवा.

९. गाडी असेल तर: काशीच्या राजाची विहीर

हे बसनं करायला जाऊ नका. गाडी असेल तर मात्र परतताना वॉलिंगफर्डच्या आग्नेयेला स्टोक रो नावाच्या खेड्यात थांबा. टेकडीवरचं गाव, खाली चुनखडी, पाणी पार खोल. एडवर्ड रीड नावाचा इंग्रज अधिकारी बनारसला असताना त्यानं तिथल्या महाराजांना आपल्या गावाकडच्या टंचाईची गोष्ट सांगितली होती: घरातलं उरलंसुरलं पाणी प्यायला म्हणून एका पोराला मार बसला. महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी ती लक्षात ठेवली आणि विहिरीचे पैसे पाठवले. ३६८ फूट खोल, चार फूट रुंद, सगळी हातानं खणलेली. १८६४ साली ती गावकऱ्यांना खुली झाली, पाणी सगळ्यांना फुकट. रहाटाचं यंत्र वॉलिंगफर्डच्याच कारखान्यातलं. वर घुमट, त्याखाली सोनेरी हत्ती, आणि शेजारी विहिरीच्या खर्चासाठी लावलेली चेरीची बाग.

तिथं तिकीट नाही आणि पंधरा मिनिटांत बघून होतं. आम्ही तासभर होतो. बाबा रहाटाचे दाते मोजत होते. आईनं चपला काढल्या, घुमटाखालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, गंगेचा गडू देवघरात आहे, पण पाण्याचं पुण्य इतक्या लांब येतं हे माहीत नव्हतं. मग पिशवीतून उरलेला धपाटा काढून तिनं माझ्या हातावर ठेवला.